सहा जणांची एक सहल

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी मिळून परदेशी जायचं, ही गोष्ट आता आपल्याकडं नवलाची राहिलेली नाही. मुलं कमावती होतात, आईवडिलांचे हातपाय अजून चालत असतात, आणि कुणीतरी जेवताना म्हणतं, ‘एकदा सगळे मिळून जाऊ या की.’ सगळे हो म्हणतात. लहान मूल बरोबर नाही, सगळे मोठेच आहेत, म्हणजे त्रास नाही, असंही वाटतं.

हा समज मात्र खोटा आहे. लहान मूल दमलं तर रडतं, भूक लागली तर रडतं, त्याला कडेवर घेता येतं. मोठी माणसं रडत नाहीत. ती ‘माझं काही नाही, तुम्ही बघा’ म्हणतात. सहल बिघडते ती या वाक्यापासून. हे मी अनुभवानं सांगतो आहे.

2012 साली मी, माझी पत्नी आणि मुलं, अम्मी आणि अब्बा असे इस्तंबूलला गेलो होतो. चाळीस माणसांचा जथा, पुढं झेंडा धरून चालणारा मार्गदर्शक, सकाळी सातला सामान बाहेर. अब्बा तेव्हा 72 वर्षांचे होते. गावच्या शाळेत आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस, इतिहासाचं भारी वेड. दुसऱ्याच दिवशी त्यांचा गुडघा धरला. मग जिथं चढ असेल, पायऱ्या असतील, तिथं ते म्हणत, ‘तुम्ही जाऊन या, मी बसमध्येच बसतो.’ आम्ही जात होतो. परत आल्यावर त्यांना फोटो दाखवत होतो. अब्बांनी ते शहर बसच्या खिडकीतून आणि वाहनतळावरून पाहिलं. घरी आल्यावर मात्र ते सगळ्यांना ‘फार छान झालं’ असंच सांगत राहिले.

2016 मध्ये अब्बा गेले. त्यांच्या ट्रंकेत खिशात मावणारी एक वही सापडली. इस्तंबूलच्या आठवड्याची पानं मी आधी उघडली. वाटलं, मशिदींबद्दल, समुद्राबद्दल काही लिहिलं असेल. रोजच्या तारखेखाली बसचा नंबर होता, बस किती वेळ उभी होती ते होतं, आणि शेवटी एकच ओळ, ‘मुलं खूश.’

त्या जथ्याला किंवा त्या कंपनीला मी दोष देत नाही. आम्ही अब्बांना न विचारता अब्बांसाठी सहल ठरवली होती, दोष तिथं होता. म्हणून 2023 च्या दिवाळीत मुलगी पुण्याहून आली आणि म्हणाली, ‘अब्बू, मे महिन्यात सगळे स्पेनला जाऊ या,’ तेव्हा पहिल्यांदा माझ्या पोटात गोळाच आला.

स्पेन का, तर त्यालाही अब्बाच कारण. कोर्दोबाच्या मशिदीतल्या लाल-पांढऱ्या कमानींचं एका कॅलेंडरावरचं चित्र त्यांनी कापून, काच लावून भिंतीवर टांगलं होतं. कवी इक्बाल 1933 साली तिथं जाऊन आले आणि त्यांनी त्या मशिदीवर कविता लिहिली, हे अब्बा आल्यागेल्याला सांगत. म्हणजे सहल अब्बांच्या नावानं ठरत होती. आणि जाणार होतो आम्ही सहा जण. अम्मी वय 79, माझी थोरली आपा 63, तिला मधुमेह, रोज इन्सुलिन. मी 57. पत्नी 53, तालुक्याच्या शाळेत शिक्षिका, म्हणून सुट्टी मेमध्येच. मुलगी 28 आणि मुलगा 23.

या वेळी आम्ही तिकिटांच्या आधी चिठ्ठ्यांपासून सुरुवात केली. प्रत्येकानं कागदाच्या कपट्यावर एकच गोष्ट लिहायची, जी झाली नाही तर ही सहल झाली असं मला वाटणार नाही. एकच. आणि ती स्वतःची, दुसऱ्यासाठी नाही.

मी लिहिलं, ग्रॅनाडाचा अलहम्ब्रा राजवाडा. त्याच्या भिंतींवर इब्न जमरक या चौदाव्या शतकातल्या कवीच्या ओळी कोरलेल्या आहेत. कवितेच्या वाटेला गेलेल्या माणसाला भिंतभर कविता बघायचा मोह होणारच. पत्नीनं लिहिलं, फ्लामेंको नाच, समोर बसून. मुलाला माद्रिदचं फुटबॉलचं मैदान हवं होतं. आपाला ग्रॅनाडाच्या जुन्या वस्तीत 2003 साली उभी राहिलेली नवी मशीद बघायची होती, आणि तिनं कंसात लिहिलं होतं, ‘जेवण वेळेवर.’ मुलीची चिठ्ठी वाचून मी चपापलो. ‘एक पूर्ण दिवस मला कुणी काहीही विचारू नये.’ तरुण मुलगी आहे, संगणकावर सगळं तीच बघणार, असं आम्ही गृहीत धरलं होतं. तरुणांनाही ओझं होतं, हे आपण विसरतो.

अम्मीची चिठ्ठी कोरी होती. ‘मला काय, तुझ्या अब्बांची मशीद बघितली की झालं,’ ती म्हणाली. ‘ती अब्बांची इच्छा झाली. तुझी कुठली?’ दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तुळईला टांगलेल्या शिंक्यासारखा एक फोटो मुलीच्या फोनवर बघता बघता थांबली. कोर्दोबातल्या घरांची मधली अंगणं होती ती. पांढऱ्या भिंती आणि भिंतभर टांगलेल्या निळ्या कुंड्या, त्यांत तांबडी फुलं. अम्मी म्हणाली, ‘लोकांची अंगणं बघायला मिळतील का गं?’

मिळतात. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्याच्या सुमारास कोर्दोबात अंगणांचा उत्सव असतो. लोक आपल्या घरांचे दरवाजे उघडतात आणि परके येऊन अंगणं बघून जातात. 2012 साली युनेस्कोनं त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली आहे. आमच्या सहलीचा काळ असा अम्मीच्या चिठ्ठीनं ठरवला. तो ऋतूच्या दृष्टीनंही बरोबर निघाला. स्पेनच्या या दक्षिण भागाला अंदालुसिया म्हणतात. तिथं जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मेमध्ये मात्र दुपारी अठ्ठावीसच्या आसपास असतो. आपली सुट्टी आणि तिथली बरी हवा यांचा मेळ बसतो, तो हाच महिना.

पुढचं काम मोजमापाचं. आमचं गाव खाडीकाठी आहे. घरापासून धक्क्यापर्यंतची वाट सगळ्यांच्या पायाखालची. जानेवारीपासून मी रोज संध्याकाळी अम्मीबरोबर चालायला लागलो. तिला सांगितलं, माझं पोट वाढलंय. खरं म्हणजे मी मोजत होतो. अम्मी न थांबता साधारण सहाशे मीटर आरामात चालते, मग दहा मिनिटं बसली की पुन्हा तेवढंच. चढ असेल तर निम्मं. दिवसभरात दोन-अडीच किलोमीटर झाले की बस. हा हिशोब डॉक्टरांच्या कागदापेक्षा उपयोगी पडला. कारण नकाशावर दोन ठिकाणांमधलं अंतर कळतं, पण ते अंतर आपल्या माणसासाठी किती आहे, ते घरीच मोजावं लागतं.

हा आकडा हातात आल्यावर सहलीचा निम्मा आराखडा आपोआप कापला गेला. मुलाच्या पहिल्या यादीत बारा दिवसांत सहा शहरं होती. आम्ही तीन ठेवली. माद्रिद, कोर्दोबा, ग्रॅनाडा. बार्सिलोना गेलं. दर मुक्काम बदलताना एक दिवस मोडतो. सामान बांधा, स्टेशन गाठा, खोली ताब्यात मिळेपर्यंत ताटकळा. तरुणाला तो अर्धा दिवस वाटतो, ऐंशीच्या घरातल्या माणसाला दीड. सुदैवानं तिथल्या वेगवान गाड्या सोयीच्या आहेत. माद्रिदहून कोर्दोबा पावणेदोन तासांत येतं, ग्रॅनाडाहून माद्रिदला परतायला साधारण साडेतीन तास पुरतात. म्हणून मधे विमान घेतलं नाही.

राहायची जागा निवडताना आम्ही चार प्रश्न आधी विचारायचो. लिफ्ट आहे का? तिथं ‘पहिला मजला’ म्हणजे तळमजल्यावरचा, म्हणजे एक जिना आलाच. न्हाणीघरात उंच कडेचा टब आहे की सपाट जमिनीवरचा शॉवर? टबची कड ओलांडताना म्हातारं माणूस पडतं. स्वयंपाकघर आहे का? आणि बघायच्या मुख्य जागेपासून ती किती सहाशे मीटरवर आहे? होय, आमच्या घरात अंतर आता असंच मोजतात. मशिदीजवळची जागा गावाबाहेरच्या हॉटेलापेक्षा महाग होती. पण दोन्ही वेळच्या टॅक्सीचे पैसे धरले, आणि दुपारी घरी येऊन आडवं होता येईल याची किंमत धरली, तर तीच स्वस्त.

दुपारी आडवं होणं स्पेनमध्ये तर रीतच आहे. तिथलं जेवण दुपारी दोननंतर, रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळात बऱ्याच खाणावळींचं स्वयंपाकघर बंद. आपासारख्या इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला हे कळलेलं असणं फार गरजेचं. आम्ही ठरवलं, सकाळी बाहेर, दुपारचं मोठं जेवण बाहेर, मग विश्रांती, आणि रात्री साडेसातला खोलीवर खिचडी किंवा अंडी-पाव. तरुणांना रात्री पुन्हा बाहेर पडायचं असेल तर पडावं. आणखी एक गोष्ट. मेच्या मध्यावर तिथं सूर्य मावळतो रात्री सव्वानऊच्या सुमारास. विश्रांती घेऊन सहाला बाहेर पडलं तरी तीन तासांचा उजेड हातात असतो, ऊन उतरलेलं असतं. म्हाताऱ्या माणसांसाठी याहून चांगली वेळ नाही. मात्र मगरीबची नमाज सव्वानऊनंतर, म्हणजे इशा त्याहून उशिरा. अम्मीला हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर ती झोप मारून बसली असती.

आता कागदपत्रं. स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. या एका व्हिसावर युरोपातल्या बऱ्याच देशांत फिरता येतं, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. जिथं सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडं अर्ज करायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला सर्वसाधारणपणे पंधरा दिवस, पण कधी 45 दिवसही लागू शकतात. मेची सुट्टी साधायची तर जानेवारीतच तयारीला लागलेलं बरं, कारण ठसे द्यायची वेळ मिळायलाच गर्दी असते. आमच्या वेळी मोठ्या माणसाची फी 80 युरो होती, 11 जून 2024 पासून ती 90 झाली. 2025 च्या ऑक्टोबरपासून तिथं उतरल्यावर सीमेवरही फोटो आणि बोटांचे ठसे घेण्याची पद्धत सुरू झाली आहे. तेव्हा पुढचं विमान गाठायचं असेल तर मधे वेळ भरपूर ठेवा.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. अम्मीचा पासपोर्ट कपाटातून काढला तर तो 2022 मध्येच संपलेला. इस्तंबूलच्या वेळचा तो. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा पासपोर्ट सहलीची चर्चा सुरू होण्याआधी उघडून बघा. जुन्या पिढीच्या नावांची तर प्रत्येक कागदावर वेगळी तऱ्हा असते. रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं. ते जुळवण्यात आमचा जानेवारी गेला.

ठसे द्यायला मार्चअखेर मुंबईला गेलो. रमजान चालू होता. अम्मीचा रोजा होता. यंत्रावर तिची बोटं उमटेनात. एकदा, दोनदा, तीनदा. तिथली मुलगी समजूतदार होती, तिनं ओला कागद दिला, बोटं पुसायला लावली. चौथ्या वेळी उमटले. अम्मी म्हणाली, ‘भांडी घासून रेषा गेल्या बाई.’ वयस्क माणसांच्या बाबतीत हे नेहमी होतं. त्यांना घाई होणार नाही अशी वेळ घ्यावी आणि बरोबर घरचं माणूस असावं.

याच सुमारास आणखी एक अडचण आली. आम्ही 5 मे 2024 ला निघायचं ठरवलं होतं. 16 मार्चला लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि आमच्या रत्नागिरीकडचं मतदान आलं 7 मेला. अम्मीनं आजवर मतदान चुकवलेलं नाही. ‘आधी मत, मग मुलूख,’ ती म्हणाली. मुलगा कुरकुरला. पण विमानाची तिकिटं अजून काढलेली नव्हती. मतदान करून आम्ही 8 मेच्या रात्री निघालो. अंगणांच्या उत्सवाचे शेवटचे दिवस तेवढे हाती लागणार होते. मोठ्या माणसांच्या सहलीत प्रत्येकाची एक न हलणारी गोष्ट असते. कुणाची परीक्षा, कुणाचं मतदान, कुणाची डॉक्टरांची तारीख. ती पैसे भरण्याआधी बाहेर आली पाहिजे.

विम्याबद्दल दोन शब्द. व्हिसासाठी निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. पण तो व्हिसासाठी काढायचा कागद नाही. आधीपासून असलेले आजार बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात किंवा त्यांना मर्यादा असते. मधुमेह, रक्तदाब लपवून हप्ता थोडा कमी बसतो, आणि गरजेच्या वेळी सगळा विमाच अडकतो. आपा ‘कशाला सांगायचं’ म्हणत होती. आम्ही सगळं लिहिलं, हप्ता जास्त भरला.

औषधांचा नियम असा केला. सगळी औषधं दोन वाटण्या करून दोन वेगळ्या पिशव्यांत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव हवं, कारण आपल्याकडची कंपन्यांची नावं तिकडच्या दुकानदाराला कळत नाहीत. इन्सुलिन नेहमी हातातल्या पिशवीत. विमानाच्या पोटात सामानाबरोबर टाकलं तर गोठून निकामी होऊ शकतं. मेमध्ये तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं असतं. त्या दिवशी इन्सुलिन कधी आणि किती घ्यायचं, हे आपाच्या डॉक्टरांकडून आधी लिहून घेतलं. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो आणि तातडीचा फोन 112, एवढं सगळ्यांनी पाठ केलं.

सर्वांत अवघड प्रकरण चाकाच्या खुर्चीचं. विमानतळावर ती मोफत मिळते, विमान कंपनीला निदान 48 तास आधी कळवायचं. तिचेही प्रकार असतात. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही अशांसाठी एक, जिनाही चढवत नाही अशांसाठी दुसरा, आणि आसनापर्यंत न्यावं लागतं अशांसाठी तिसरा. अम्मीनं ऐकताच तोंड फिरवलं. ‘मी काय अपंग झाले?’ मी समजावलं, मुलानं समजावलं. शेवटी आपा म्हणाली, ‘अम्मी, धक्क्यावरून बाजारात जाताना तू रिक्षा करतेस. तेव्हा अपंग असतेस का? ही विमानतळाची रिक्षा आहे.’ आणि वर म्हणाली, ‘मीही एक मागवलीय.’ आपाला तशी गरज नव्हती. पण दोन खुर्च्या शेजारी शेजारी निघाल्या, तेव्हा अम्मी आपाशी गप्पा मारत गेली.

यातूनच मला एक गोष्ट सुचली. आपल्या धर्मानं प्रवाशाला सवलत दिलेली आहे. चार रकातींची नमाज प्रवासात दोन रकातींची होते, रोजा पुढं ढकलता येतो. अम्मी ही सवलत अगदी मोकळ्या मनानं घेते, त्यात तिला कमीपणा वाटत नाही. का, तर ती सगळ्याच प्रवाशांना आहे, केवळ म्हाताऱ्यांना नाही. मग मी ठरवलं, आमच्या सहलीतली प्रत्येक सवलत सगळ्यांना. दर चाळीस मिनिटांनी बसायचं, तर सहाही जणांनी बसायचं. दुपारी विश्रांती, तर सगळ्यांची. घडीचं स्टूल एक नाही, दोन घेतले, आणि त्यातल्या एकावर मी बसत होतो.

‘थकलीस का?’ हा प्रश्न आम्ही बंद केला. आईला हा प्रश्न विचारला की उत्तर एकच येतं, ‘छे, कुठं.’ त्याऐवजी मी म्हणायचो, ‘मी दमलो.’ दर वेळी ते खोटंही नसायचं.

पैशांचंही आधी बोलून घ्यावं. आमच्याकडं कमावती माणसं चार, पण सारखी कमाई कुणाचीच नाही. विमान, राहणं, गाड्या, दुपारचं जेवण हे सामायिक थैलीतून. प्रत्येकानं आपल्या ऐपतीप्रमाणं घातलं, किती ते फक्त मुलीला माहीत. बाकी हौस ज्याची त्यानं. अम्मीलाही आम्ही वेगळे युरो दिले, हातात, नोटांत. खर्च करायला आपले पैसे असले की माणूस सहलीत पाहुणा राहत नाही.

आणि रोज सगळ्यांनी सगळीकडं जायचं नाही, हे ठरवून टाकलं. सकाळचा चहा आणि दुपारचं जेवण एकत्र, बाकी वेळ ज्याचा त्याचा. कोर्दोबाहून मुलगा एक दिवस सेव्हिलला जाऊन आला, गाडीनं पाऊण तासावर आहे. तिथल्या जुन्या मिनाराला पायऱ्यांऐवजी चढण आहे, ती धावत चढलो असं सांगत होता. त्याच दिवशी मुलीला तिचा न बोलायचा दिवस दिला. ती कुठं गेली, काय केलं, आम्ही आजवर विचारलेलं नाही. संध्याकाळी हसत आली, एवढं पुरे.

अलहम्ब्राची तिकिटं नावानिशी असतात, पासपोर्ट बरोबर लागतो, आणि आतल्या नासरी राजवाड्यांत शिरायची वेळ तिकिटावर ठरलेली असते. ती चुकली की गेली. आम्ही ती वेळ सकाळची घेतली. टेकडीवर चढायला शहराच्या छोट्या बसगाड्या आहेत. अम्मीनं राजवाडे बघितले आणि बागेत सावलीला बसली. बुरुजांवर मुलं गेली. मी भिंतीपुढं उभा राहिलो, अरबी अक्षरं लावत. पत्नी येऊन म्हणाली, ‘चाळीस मिनिटं झाली, बसा.’ नियम सगळ्यांना होता.

आता एक शेवटची गोष्ट, जी सहल ठरवताना बहुतेक जण टाळतात. जे मिळणार नाही, ते आधी सांगायचं. कोर्दोबाच्या मशिदीचं बांधकाम 785 च्या सुमारास सुरू झालं. 1236 पासून ते चर्च आहे, सोळाव्या शतकात तर खांबांच्या त्या रानाच्या मधोमध मोठं कॅथेड्रल उभं केलं गेलं. आत मुसलमानांना नमाज पढता येत नाही. हे अम्मीला तिथं दारात कळलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं मी फेब्रुवारीतच सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘दुसऱ्याच्या घरी गेलं की त्यांच्या रीतीनं वागावं. बघायला देतात ना?’

आम्ही गेलो. सुमारे साडेआठशे खांब, त्यांवर अब्बांच्या चित्रातल्या त्या लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी. माझा गळा दाटून आला. अम्मी बाकावर बसली, वर बघितलं, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली. मला वाटलं, आता ही इथं तासभर बसेल. वीस मिनिटांत ती उठली. ‘बघितलं. तुझ्या अब्बांना सांगेन. चला, आता अंगणं.’

अंगणं बघायला आम्हाला दोन दिवस लागले. मशिदीपासून दहा-पंधरा मिनिटांवर, आमच्या चालीनं अर्ध्या तासावर, जुनी वस्ती आहे. घरापुढं रांग, एका वेळी थोडीच माणसं आत सोडतात. अम्मी घडीच्या स्टुलावर बसून रांगेत पुढं सरकत होती. एका घरात तिच्याच वयाची बाई लांब काठीला बांधलेल्या डब्यानं उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालत होती. तिथं अशीच पद्धत आहे. अम्मी उभी राहून बघत होती. मग तिनं हातानं खूण केली, काठी जरा तिरकी धर, पाणी सांडतंय. त्या बाईला काय कळलं देव जाणे, तिनं काठी अम्मीच्या हातात दिली. अम्मीनं दोन कुंड्यांना पाणी घातलं. मुलगा फोटो काढायला पुढं सरसावला, मी त्याला थांबवलं.

त्या रात्री खोलीवर अम्मीनं आपण होऊन सांगितलं, ‘आज माझे पाय दुखतायत रे. उद्या मी घरीच थांबते.’ इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटतं, आमचा आराखडा जमला तो त्या क्षणी. आपलं माणूस ‘माझं काही नाही’ म्हणायचं सोडून ‘मी दमले’ म्हणू शकलं, तर सहल बसच्या खिडकीतून बघावी लागत नाही.

परत आल्यावर अब्बांची ती वही मी पुन्हा काढली. मागची बरीच पानं कोरी आहेत. त्यांवर आमच्या सहलीचा हिशोब लिहून ठेवला. किती चाललो, कुठं बसलो, कुणी काय मागितलं, काय मिळालं. या मे महिन्यात तुमच्या घरी असा बेत असेल, तर आधी कागदाचे कपटे करा आणि प्रत्येकाला एक द्या. एखादा कोरा आला तर त्याचीच दोन दिवस वाट बघा.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)